कळण्याच्या गोळ्या

मांजरीला कोणी दवाखान्यात नेतं का, म्हणून सगळी चाळ हसली. हसू द्या. जरी माझी होती. अंगावर पिवळे पट्टे, म्हणून जरी. दिवसा माझ्या चुलीपाशी, रात्री खात्यात. मागांच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात. माझा भाऊ लोटू तिथं मुकादम, जेवायला माझ्याकडं. सूत कुरतडणारे उंदीर जरीच मारायची. शेटनं तिला कधी बशीभर दूध पाजलं नाही, ते सोडा.

प्लेग नुकताच ओसरला होता. उंदीर म्हटलं की लोकांना अजून धडकी भरायची. तेव्हाच जरीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. अंग कधी तापलेलं, कधी थंडगार. मी तिला पिशवीत घातलं, लोटूनं सायकल काढली. भाऊ सोबत आला याचं मला कौतुक वाटलं. मूर्ख मी.

ढोरांच्या दवाखान्यात म्हशींची रांग. पिशवीतून कान दिसले तसा एक भरवाड गवळी ओरडला, "बेन, काले उंदर लेता आवजो!" उद्या उंदीरही घेऊन ये म्हणे. सगळे खदखदले.

डॉक्टर हसला नाही. त्यानं हिरडी दाबली, पापणी उलटून पाहिली.

"बेन, सच बोलो. उंदर मारने की दवा रखी है कहीं? उंदर वो खाता है, बिल्ली उंदर को खाती है, खून पतला हो जाता है. उसकी सुई अलग है, अभी मंगवाता हूँ, बच जाएगी. जहर नहीं है, तो बुखार का इलाज करूँगा."

"माझ्या घरात नाही," मी म्हणाले. "लोटू, खात्यात?"

लोटू जरीकडं बघत होता. मग त्यानं दाराशी बसलेल्या लोकांकडं बघितलं.

"नही. खातामा उंदीरच नहीत." जरीनंच संपवले असतील, मला वाटलं.

"जानवर बेचारा बोलता नहीं," डॉक्टर म्हणाला, "और आदमी..." त्यानं तापाची सुई दिली.

सकाळी जरी माझ्या मांडीवर रक्त ओकून मेली.

पुरायला खात्यामागं गेले. तिथं लोटू उकिडवा बसून भिंतीकडेचं काहीतरी कागदात गोळा करत होता. मला पाहून मूठ मिटली. मी ती उघडली.

करड्या गोळ्या. त्यात उडदाच्या टरफलांचे काळे ठिपके. कळणा! ज्वारी-उडदाचं हे पीठ त्या गल्लीत माझ्याशिवाय कोण मळतं? "आक्का, पीठना गोळा दे, भिंतनं भोक बुजनं शे," म्हणून हाच मागायला आला होता. मीच दिला. यानं त्यात उंदराचं औषध मळलं.

"डॉक्टरनी इचारं तवय तुनं तोंड शिवेल व्हतं का रे?"

"शेटनी सांगं व्हतं, आक्का. खातामा उंदीर शेतस असं भायेर कळनं तर मुन्सिपाल्टी टाळं मारी. तठे इतला लोक बसेल व्हतात... आन् मांजरच ना ती!"

मांजरच. पिशवीत ती अजून पुरती ताठलीही नव्हती.

संध्याकाळी लोटू नेहमीसारखा जेवायला आला. लाज बघा! मी पाट मांडला. ठेचा वाढला, तेल वाढलं, कळण्याची गरम भाकरी वाढली.

त्यानं भाकरीकडं पाहिलं. उडदाचे काळे ठिपके. माझ्याकडं पाहिलं. हात मांडीवरच राहिला.

"खा ना," मी म्हणाले. "नाहीतर विचार, काय घातलंय म्हणून. मी खरं सांगीन."

भाकरी गार झाली. त्यानं विचारलं नाही.