पान तेविसावरचं भोक

चष्मेवाल्यांनी आयुष्यभर लोकांचे डोळे तपासले, आणि दुकान मुलीच्या हवाली केल्यावर ते एका भोकाच्या मागे लागले.

भोक साधंसुधं नव्हतं हं! माणूस चंद्रावर उतरला त्या आठवड्याच्या सचित्र साप्ताहिकात, पान तेवीसवर, अकरा सेंटिमीटर उंच आणि आठ रुंद, कुणीतरी कात्रीनं व्यवस्थित कापलेलं. पहिला उपग्रह उडाला तेव्हापासूनचे अंतराळावरचे एकशे चव्वेचाळीस अंक त्यांनी जमवले होते. एकशे त्रेचाळीस धडधाकट आणि हा एक अधू. तोही याच शहरातल्या रद्दीच्या गठ्ठ्यात सापडलेला, अकरा वर्षांपूर्वी.

प्रत्येक अंकाला स्वतंत्र प्लॅस्टिकची पिशवी. हात लावायचा तर पांढरे हातमोजे घालून. "आमच्या लग्नाचा अल्बम माळ्यावर धूळ खातोय," बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आणि ह्यांची रॉकेटं एसीत झोपतात." चष्मेवाल्यांना यात विनोद काय ते कधीच कळलं नाही. अल्बमची दुसरी प्रत मिळाली असती, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

भोकाच्या मापाचा एक पुठ्ठा ते पाकिटात बाळगत. लोक पाकिटात नातवंडांचे फोटो ठेवतात, यांनी भोक ठेवलं होतं. कुठे जुनी कात्रणवही दिसली की पुठ्ठा काढून मापायला सुरुवात. रद्दीवाले त्यांना लांबून पाहिलं की जेवायला जात, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात.

आणि शिव्या! दर रविवारी पिशव्या पुसताना तो अंक हाती आला की तोंडाचा पट्टा सुरू. "ज्या कुणी हे कापलं ना, हात झडोत त्याचे! अक्कलशून्य माणूस! पाठीमागच्या पानावर अख्खं रॉकेट होतं, त्याचं बूड नेलंन् मेल्यानं!" बायको समोर मटार सोलत बसलेली असे. ती एक शेंग सोली, मग दुसरी सोली.

यंदा मात्र प्रकरण गळ्याशी आलं. मोठ्या ग्रंथालयानं संग्रह घ्यायचं कबूल केलं. काचेचं कपाट आणि वर चष्मेवाल्यांच्या नावाची पितळी पाटी. अट एकच, संच पूर्ण हवा, एक पानही गहाळ चालणार नाही. पान तेवीसचं भोक चष्मेवाल्यांनी फोनवर कबूल केलं होतं, ते तेवढं भरायचं ठरलं आणि ग्रंथपाल बाई गुरुवारी सकाळी तपासायला येणार होत्या. बुधवार दुपारपर्यंत चष्मेवाल्यांनी तीन शहरांत फोन केले, सतरा जणांची मनधरणी केली आणि हाती शून्य आलं.

शेवटी निदान बाकीचे अंक तरी नीट मांडू म्हणून ते पॅसेजमधलं कपाट सरकवायला गेले. धक्का लागला आणि भिंतीवरची छोटी फ्रेम खाली पडली. सासऱ्यांचा फोटो. बायको चार वर्षांची असताना गेलेला माणूस, हा त्याचा एकुलता एक फोटो, आणि त्याच्याखालून चष्मेवाले तीस वर्षं रोज अंघोळीला जात होते. काच वाचली, पण पाठीमागचा पुठ्ठा निघून आला.

सासऱ्यांच्या पाठीवर रॉकेटचं बूड होतं.

चष्मेवाले तिथेच उकिडवे बसले. त्यांनी पाकिटातलं माप काढून त्यावर ठेवलं. सूतभरही फरक नव्हता. मग त्यांनी काय करावं? धावत जाऊन हातमोजे चढवले, दुकानातला बारीक चिमटा आणला आणि कात्रणाचा कोपरा उचलला.

"सापडलं का एकदाचं?" बायको दारात उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही अंक घरी आणलात त्याच दिवशी कळलं. आईनं कापून घेतलं आणि बाकीचा अंक रद्दीत दिला. अकरा वर्षं तुम्ही माझ्या आईचे हात झडवताय."

"अगं, मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही फ्रेम उघडली असतीत."

चष्मेवाल्यांनी स्वतःच्या हातातल्या चिमट्याकडे पाहिलं. तो कुठे लपवावा ते त्यांना सुचेना.

"अंक आणा," ती म्हणाली. त्यांनी आणला. पान तेवीसवर वर्तमानपत्राच्या कचेरीसमोरची गर्दी होती, सगळे काचेमागे लावलेले चंद्राचे फोटो बघणारे. मधोमध ते भोक, आणि भोकाच्या वर, कुणाच्याच खांद्यावर न बसलेली एक लहान मुलगी, खदखदून हसणारी.

"आई म्हणायची, पोर तर डोळ्यांसमोर आहे, गेलेला माणूस तेवढा ठेवू. फ्रेमही एवढीशीच मिळाली."

चष्मेवाल्यांनी भिंग लावलं. याच भिंगानं त्यांनी भोकाच्या कडा शंभर वेळा तपासल्या होत्या. मुलीचा डावा डोळा किंचित तिरळा होता. तोच डोळा. याच डोळ्याचा नंबर काढताना त्यांनी मुद्दाम तीनदा चूक केली होती, मुलगी पुन्हा दुकानात यावी म्हणून.

"मी गाढव आहे," ते म्हणाले.

"ते मला लग्नाआधीच कळलं होतं," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

त्यांनी हातमोजे काढले. स्वयंपाकघरातून कात्री आणली.

गुरुवारी ग्रंथपाल बाईंनी पान तेवीस उलटलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, केवढं हे भोक! तुम्ही फोनवर अकरा सेंटिमीटर म्हणाला होतात. हे तर आणखी वरपर्यंत गेलंय. आता पाटी कशी लावणार? कुणी केलं हे?"

पॅसेजमध्ये नव्या, मोठ्या फ्रेममध्ये बाप आ वासून चंद्र बघत होता, आणि त्याच्या खांद्यावर चार वर्षांची मुलगी हसत होती.

"मीच," चष्मेवाले हात पुढे करत म्हणाले. "बघा, झडले नाहीत अजून."