साडेतीन इंचांचा शौकीन

१२ जून १९३८, रविवार. सकाळी सातलाच ऊन टोचत होतं. मृग लागून चार-पाच दिवस झाले होते. दुपारी ढग सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत आले, थोडा वेळ थांबले आणि परत गेले. वारा नव्हता.

मी पाट आहे. जेवायला बसायचा, सागवानी, लांबी दीड हात, उंची साडेतीन इंच. त्या दिवशी मी रुपरावांच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे, भिंतीकडे तोंड करून उभा होतो. गेल्या सप्टेंबरपासून तसाच होतो. ती शिक्षा होती आणि ती मला योग्यच झाली होती. पण माझं लक्ष शिक्षेत नव्हतं. पावसाळा तोंडावर आला होता आणि फुटबॉलचा मोसम तीन आठवड्यांवर होता. आपली आघाडीची फळी यंदा कशी असावी, याचा मी विचार करत होतो.

एका पाटाला याच्याशी काय करायचं, असं तुम्ही म्हणाल. गोपिकाबाईही हेच म्हणत.

आम्ही सहा भावंडं. सिवनीकडच्या जंगलातला सागवान नागपूरच्या महाल भागातल्या एका सुतारानं कापला आणि आम्हाला एकाच आठवड्यात घडवलं, १९११ साली, रुपराव आणि गोपिकाबाईंच्या लग्नासाठी. लग्नात नवऱ्यामुलाला पाटावर उभं करतात. रुपराव तेव्हाही पाच फुटांना एक इंच कमी होते आणि नवरी बरोबर तेवढीच. मुलाकडच्या बायकांना ते बरं दिसेना. त्यांनी हळूच एका पाटावर दुसरा ठेवला. वरचा मी. त्या दिवशी रुपरावांना मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले लोक दिसले. जग असंही दिसतं, हे त्यांना एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

पुढं ते कचेरीत नकलनवीस झाले. दिवसभर कागदांच्या नकला करायच्या, अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. १९२० साली शेजारचे बाबाराव त्यांना सदरजवळच्या मैदानावर सामना पाहायला घेऊन गेले. बाबाराव ताडमाड. त्यांनी सगळा सामना पाहिला. रुपरावांनी लोकांच्या पाठी पाहिल्या. दुसऱ्या शनिवारी रुपराव मला काखेत मारून गेले.

तेव्हापासून अठरा मोसम मी मैदानावर गेलो. साडेतीन इंच म्हणजे काही फार नाही. त्यानं माणूस दुसऱ्याच्या पाठीपासून खांद्यापर्यंत येतो, एवढंच. बाकीचं काम टाचा करतात. मात्र रुपराव माझ्यावर कधी जोडे घालून चढले नाहीत. जेवणाच्या पाटाला जोडा लागू द्यायचा नाही, एवढी लाज त्यांना होती. या शिस्तीपायी त्यांचे दोन जोड मैदानातून चोरीला गेले.

आता माझी खरी स्थिती सांगतो. अठरा वर्षांत मी फुटबॉल एकदाही पाहिला नाही. पाटाच्या वर माणूस असतो आणि भोवती पोटऱ्या असतात. मला जे काही कळतं, ते तळव्यांवरून. रुपरावांचे अंगठे खाली दाबले गेले की चेंडू आपल्या गोलाजवळ आहे. टाचा उचलल्या की आपण चढाईवर. दोन्ही पाय एकदम माझ्यावरून नाहीसे झाले की गोल. १९३७ च्या मोसमात असं सात वेळा झालं. एवढ्या शिदोरीवर मी बचावाची फळी कशी उभी करावी, याबद्दल ठाम मतं बाळगून होतो. कितीतरी वर्षं मला वाटायचं की ऑफसाइड हा कामठीचा कोणी खेळाडू आहे. आमचा गोल व्हायच्या नेमक्या वेळी तो मध्ये येतो आणि लोक त्याला शिव्या देतात. त्याच्या चपळाईबद्दल मला मनातून आदरही होता.

आमचा संघ म्हणजे जुनी शुक्रवारी क्लब. निळे कपडे. गडी बहुतेक अनवाणी खेळणारे. आम्ही कधी जिंकत नसू असं नाही, पण त्याची सवय लागण्याइतपतही नाही.

सामन्याहून आलो की गोपिकाबाई मला राखेनं घासत. घासताना बोलत. घरातले पाच पाट पंक्तीचे आणि सहावा मी, मैदानाचा. सहावा पाहुणा आला की मला काढायचं, आणि तोही गोपिकाबाईंना न आवडणारा असेल तरच. बाबाराव नेहमी माझ्यावर बसत.

आता सप्टेंबरचं सांगायला हवं. ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

माझ्या खाली दोन आडव्या पट्ट्या आहेत. त्यांतल्या डावीकडच्या पट्टीचा खिळा ऑगस्टमध्येच ढिला झाला होता. मला माहीत होतं. पाटाला बोलता येत नाही, पण करकरता येतं. घरात कोणी बसलं की मी सवयीनं करकरतो. मैदानावर मात्र दात दाबून गप्प राहिलो. करकरलो असतो तर रुपरावांनी मला घरी ठेवलं असतं आणि मोसमाचे चार सामने बाकी होते.

१८ सप्टेंबर १९३७, शेवटचा सामना. बरोबरीत सुटला असता तर आम्ही वरच्या गटात राहणार होतो. शेवटच्या मिनिटाला आमच्याविरुद्ध पेनल्टी मिळाली. भोवती एकदम शांत झालं. रुपरावांच्या टाचा उचलल्या, मग अर्धे तळवे, मग नुसती दहा बोटं. तेव्हा मला पाहायचा मोह झाला. मी लाकूड आहे, मला डोळे नाहीत, तरीही झाला. मी डावीकडे जरासा उचललो आणि पट्टी निखळली.

रुपराव उजव्या हातावर पडले. मनगटाचं हाड मोडलं. पेनल्टी बाहेर गेली, आम्ही वरच्या गटात राहिलो, पण हे रुपरावांना दवाखान्यात कळलं. नकलनवीसाचा उजवा हात दोन महिने गळ्यात होता. कामावर परतले तेव्हा साहेबांनी शांतपणे सांगितलं, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघावा लागेल. अक्षर आधीसारखं आलं, पण 'क्ष' काढताना हात अजून थांबतो.

गोपिकाबाईंनी मला फोडून चुलीत घातलं नाही, ही त्यांची मेहरबानी. फक्त एवढं म्हणाल्या, "आता हा मैदानात गेला, तं वापस आल्यावर चुलीतच जाईल."

तर १२ जूनच्या त्या दुपारी बाबाराव ओसरीवर येऊन बसले. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"रुपराव, यंदाचा सेंटर फॉरवर्ड पाह्यला का तू?"

"नाई गा. कोण हाये?"

"केशव. कोराडीकडचा गडी. अनवाणी मारते, पण काय मारते! काल तलावाच्या काठी सराव करून राहिला होता. बॉल म्हशीले लागला, तं म्हैस खाली बसली."

"म्हैस तशीबी बसते."

"दोन तारखेले पलटणीसोबत पहिला सामना हाये. येतं ना?"

आतून गोपिकाबाईंचा आवाज आला, "भाऊजी, चहा घेऊन घ्या अन् घरी जा. यांचा हात मोडला तवा नकला करायले तुमी आले होते का?"

बाबारावांनी चहा घेतला आणि गेले. मी मात्र त्या रात्रभर केशवचाच विचार केला. अनवाणी गडी, पलटणीचे बूट आणि जुलैचा चिखल. माझं मत होतं की केशवला डावीकडून खेळवावं. डावीकडे काय आहे, हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गोपिकाबाई देवळात गेल्या असताना रुपरावांनी मला काढलं आणि थैलीत घालून मारोतराव सुताराकडे नेलं. मारोतरावांनी मला उलटं केलं, अंगठ्यानं पट्टी दाबली.

"याले आता खिळे नाई, स्क्रूच लागते. बसासाठी पाह्यजे का उभं राहासाठी?"

"बसासाठी," रुपराव म्हणाले.

"मंग एवढं मजबूत काहून करता जी?"

"पाहुणे जड हायेत."

मारोतरावांनी चार स्क्रू मारले. मला दुखलं आणि मी प्रत्येक स्क्रूला मोठ्यानं करकरलो. आता गप्प बसायचं नाही, असं मी ठरवलं होतं. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी जुना पाट असेल आणि तो करकरत असेल, तर उलटा करून एकदा खाली बघा. एवढीच माझी विनंती. बसायची वस्तू बहुधा आधी सांगते. मी सांगितलं नाही, हा माझा दोष. सगळ्या पाटांना त्यावरून जोखू नका.

२ जुलै, शनिवार. सकाळी दोन तास पाऊस पडून थांबला होता. आभाळ दिवसभर राखी. रुपराव कचेरीतून तीनला आले, चारला मला थैलीत घातलं आणि मागच्या दारानं निघाले. मागच्या दारात गोपिकाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"थैलीत काय हाये जी?"

"काही नाई. भाजी आणतो."

"भाजीची थैली जाताना रिकामी असते."

रुपरावांनी थैली या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "मी चढत नाई वं. त्याच्यावर बसतो फक्त."

"बसून काय दिसते तुमाले? लोकायच्या पोटऱ्या?"

"आवाज तं येते."

गोपिकाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, हातात थैली आणि चेहरा असा. मी थैलीत होतो, मला चेहरा दिसला नाही, पण थैली त्यांनी छातीशी आवळून धरली होती.

"हात मोडला तं नोकरी जाईल, समजते ना?"

"समजते."

"तुमाले समजते, पण पायाले समजत नाई. तिथं आवाज झाला की तुमी चढानच." त्या उठल्या, पदर सारखा केला. "चला. मीबी येते. वर चढले तं लोकायसमोर खाली ओढीन."

मैदानावर बायका नव्हत्याच असं नाही. रेल्वेच्या साहेबांच्या मडमा खुर्च्यांवर होत्या, आणि दूर टांग्यांत काही घरची मंडळी. पण कडुनिंबाखालच्या आमच्या गर्दीत लुगडं नेसलेल्या एकट्या गोपिकाबाई. बाबारावांनी त्यांना पाहिलं आणि तोंडातला तंबाखू गिळला.

"वहिनी! तुमी?"

"काहून, तिकीट लागते का?"

मला झाडाच्या मुळाशी ठेवलं. रुपराव बसले नाहीत, शेजारी उभे राहिले. बरोबर पाच वाजता शिट्टी झाली. गर्दी पुढं सरकली आणि दोघांच्याही समोर पाठींची भिंत उभी राहिली. पाच मिनिटांनी मोठा ओरडा झाला. रुपरावांनी उजवा पाय उचललेला मला जाणवला. तो माझ्यावर टेकणार, तेवढ्यात गोपिकाबाईंनी त्यांना बाजूला सारलं.

"सरका जरा. मले पाहू द्या एकदा, कोणापायी तुमचा हात मोडला ते."

आणि त्या चढल्या. जोडव्यांची बोटं, टाचांना भेगा, वजन रुपरावांपेक्षा थोडं कमी. अठरा वर्षांचं माझं सगळं ज्ञान त्या क्षणी फुकट गेलं. या पायांची भाषा मला येत नव्हती. अंगठे कधीही दाबले जात, टाचा कधीही उचलल्या जात.

"काय होऊन राहिलं वं?" खालून रुपराव.

"पळून राहिले सारे."

"कोणीकडं?"

"बॉलकडं. अवो, एकालेबी दम नाई. थांबा. त्या अनवाणी गड्याले बुटानं तुडवलं! शिट्टीवाला पाहत काहून नाई? ए शिट्टीवाल्या! डोये घरी ठेवून आला का?"

मागचे लोक हसले. बाबाराव हसले नाहीत, त्यांनीही तेच म्हटलं, मोठ्यानं.

"तो केशव असंन," रुपराव म्हणाले. "उठला का?"

"उठला. लंगडते. नाई, पळते. माय, लय पळते!"

पहिला गोल झाला तेव्हा आरडाओरडा एवढा होता, की रुपराव विचारत होते आणि गोपिकाबाईंना ऐकू येत नव्हतं.

"कोणाचा झाला वं? कपडे कोणते?"

"चिखलात सारे एकाच रंगाचे हायेत जी! मी काय सांगू?"

"मग लोक काय करून राहिले?"

"बाबाराव भाऊजी खाली बसले."

"म्हणजे त्यायचा," रुपराव म्हणाले.

दुसरा गोल झाला, तेव्हा बाबाराव बसलेलेच होते. मध्यंतरात रुपरावांनी गोपिकाबाईंना फुटाणे आणून दिले. त्यांनी खाली न उतरताच खाल्ले. उतरल्या तर जागा जाईल, असं त्यांनी बाबारावांना सांगितलं.

मग अर्ध्या तासाचा उत्तरार्ध सुरू झाला. काही वेळानं माझ्यावरच्या टाचा उचलल्या, बोटं रोवली गेली, जोडवी माझ्या लाकडात रुतली. मी स्क्रूंना घट्ट धरून राहिलो. हलायचं नाही, एवढंच मनाशी म्हणत होतो.

"तोच! तोच अनवाणी! एकटा हाये! मार ना रे लेका, मार, वाट कोणाची पाहून राहिला, मार..."

आणि दोन्ही पाय एकदम माझ्यावरून नाहीसे झाले.

खेळ सहा वाजून दहा मिनिटांनी संपला. पलटण तीन, जुनी शुक्रवारी एक. आमचा गोल केशवनं एकोणचाळिसाव्या मिनिटाला मारला. त्या वेळी पाटावर गोपिकाबाई होत्या. रुपराव जमिनीवर होते. कोणी पडलं नाही.