बीसोतूनला नको

मी एक जुना दोर आहे. कातळ चढणाऱ्यांचा दोर. मूळची लांबी साठ मीटर, जाडी दहा मिलिमीटर, वजन चार किलोला थोडे कमी, रंग नारिंगी. आकडे आधीच सांगून टाकतो, कारण मित्रांनो, माझी सगळी गोष्ट एका आकड्यापाशी येऊन अडते. माझ्या एका टोकापासून अकरा मीटरवर वीतभर जागा होती. ती नीट असती, तर मला तुमच्याशी बोलायची गरजच पडली नसती.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. नायलॉनचे हजारो बारीक पांढरे धागे पिळून माझा गाभा तयार केला आणि त्यावर नारिंगी कवच विणले. वजन पेलतो तो गाभा. कवच फक्त त्याला उन्हापासून आणि घासण्यापासून जपते. कोणी वरून पडले की मी ताणला जातो, पडणाऱ्याचा वेग हळूहळू कमी करतो आणि मग त्याला थांबवतो. एकदम थांबवले तर हाडे मोडतील. ताणले जाणे हेच माझे काम, आणि ते मला आवडायचे.

तेहरानच्या मोनीरिये चौकातल्या एका दुकानातून मनीझेने मला विकत घेतले. ती इस्फहानच्या एका इस्पितळात रक्त तपासायचे काम करत होती आणि ही तिची पहिली मोठी खरेदी होती. रक्त तपासणारी बाई ती, विश्वास कशावरच ठेवायची नाही. चढाईआधी आणि चढाईनंतर मला ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकवत असे. कुठे कवच सुटले आहे का, कुठे आतला गाभा मऊ लागतो का, हे पाही. अशी माया फार थोड्या दोरांच्या वाट्याला येते.

चार वर्षे आम्ही दर शुक्रवारी शहराजवळच्या सोफ्फे डोंगरावर जात होतो. तिची धाकटी बहीण तराने माझ्यावरच चढायला शिकली. चार वर्षांत एकोणीस जण पडले आणि एकोणीसच्या एकोणीस मी झेलले. तिचे इरजमामा एके काळी नावाजलेले चढाईपटू होते, आता गुडघा धरून बसतात. ते म्हणायचे, "हा दोर नाही, घरजावई आहे. राबतो आणि तोंड उघडत नाही." तेव्हा मला ते कौतुक वाटायचे.

गेल्या पानगळीत सियामकने मला दोन दिवसांसाठी मागून नेले. सियामक म्हणजे मनीझेच्या गिर्यारोहण मंडळातला दहा वर्षांचा मित्र. घरोघरचे कूलर दुरुस्त करणारा, हसरा, मदतीला धावणारा. त्याने मला पिशवीसकट गाडीच्या डिकीत ठेवले. तिथे एक जुनी बॅटरी होती, दुकानात देऊन बदलून घ्यायची म्हणून ठेवलेली. तिच्या एका कोपऱ्याला बारीक तडा होता.

बॅटरीतले पाणी म्हणजे सल्फ्युरिक आम्ल. नायलॉनचा धागा म्हणजे रेणूंची लांबच लांब साखळी, आणि आम्ल त्या साखळीच्या कड्या एकेक करून तोडते. मला दुखले नाही. दुखले असते तरी कोणाला सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी सियामकने पिशवी उचलली, तर तिचा तळ ओल्या कागदासारखा गळून पडला. तो बराच वेळ डिकीपाशी उभा राहिला. मग त्याने मला घरी नेऊन तीन वेळा धुतले, सावलीत वाळवले, ओल्या जागेवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला. कवच जसेच्या तसे दिसत होते. फक्त थोडा आंबूस वास येत होता. त्याने बाजारातून नवी पिशवी आणली, मला नीट गुंडाळून तिच्यात ठेवले आणि मनीझेच्या दारात आला.

"नवी पिशवी कशाला आणलीस?" मनीझे म्हणाली. "लाजवतोस मला."

"जुनी जरा फाटली होती. आणि दोराचं म्हणजे, मनीझे, गाडीत ना..."

"दोराचं काय? दोर तुझाच आहे. आत ये, चहा तयार आहे."

तो नको म्हणाला. ती ये म्हणाली. तो पुन्हा नको म्हणाला, ती पुन्हा ये म्हणाली. तिसऱ्यांदा तो आत आला, कारण तिसऱ्यांदा आत यायचे असते. या सगळ्या देण्याघेण्यात त्याचे अर्धे वाक्य उंबऱ्याबाहेरच राहून गेले. आणि मनीझेनेही त्या दिवशी मला बोटांतून सरकवले नाही. परत करायला आलेल्या माणसासमोर त्याची पिशवी उघडून तपासणे म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला लबाड म्हणणे. तिने मला तसेच बोळातल्या खुंटीला टांगले. पुढे थंडी पडली, इस्पितळातल्या पाळ्या वाढल्या, आणि मी पाच महिने तिथेच लटकत राहिलो. वास उडून गेला. आतली झीज तशीच राहिली.

नवरोजच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या, सुट्टीला दोन आठवडे उरले, तेव्हा सगळे मनीझेकडे जमले. या वर्षी चढाईला कुठे जायचे ते ठरवायचे होते. तरानेने मला खुंटीवरून काढून गालिच्याच्या मधोमध ठेवले, जणू मीही मत देणार होतो. बाजूला पिस्त्यांची बशी, गाझ या इस्फहानी मिठाईचा डबा आणि नवरोजसाठी ओल्या कापडावर उगवत असलेले गव्हाचे कोंब होते.

तरानेला बीसोतूनला जायचे होते. केरमानशाहजवळची ती भिंत शेकडो मीटर उभी आहे. तिथे पडणारा माणूस दोरावरच येतो, दुसरे काही नसते. तराने म्हणाली की सोफ्फेवर आता तिला प्रत्येक दगड नावाने ओळखतो. मनीझेलाही तेच हवे होते. भिंतीवर पुढे तीच चढणार होती.

सियामक म्हणाला, दक्षिणेला समुद्रावर जाऊ. तिथे बुटके खडक आहेत, खाली वाळू आहे, दोर लागतसुद्धा नाही.

मित्रांनो, त्या खोलीत खरी गोष्ट फक्त दोघांना माहीत होती. एक तो आणि एक मी. मी मनातल्या मनात त्याच्या प्रत्येक शब्दाला होकार देत होतो. बीसोतूनला पाऊस असेल, तो म्हणाला. तरानेने फोनवर पाहून सांगितले की पाऊस नाही. सुट्टीत केरमानशाहला फार गर्दी असते. मनीझे म्हणाली, गर्दी कबाबांच्या दुकानात असते, भिंतीवर नसते. मग मामांचा गुडघा, एवढ्या लांबचा प्रवास. मामांनी पिस्ता फोडता फोडता मान वर केली.

"माझा गुडघा मध्ये आणू नकोस. तुला मासे खायचे असतील तर तसं सांग, मी तुला बाजारातून आणून देतो."

"मला काही मासे नकोत, मामा."

"मग भिंतीच्या भीतीने टाचा लटपटताहेत. लग्नाच्या वयाचा झालास की टाचांपासून सुरुवात होते."

तराने हसली, मनीझे हसली. सियामकही हसला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी गालिच्यावर पडून होतो.

शेवटी मामांनी खिशातून जपमाळ काढली. माळेचा कौल लग्नासाठी, नाहीतर ऑपरेशनसाठी लावतात, सुट्टीसाठी नाही, असे कुरकुरत त्यांनी डोळे मिटले, बीसोतूनचे नाव मनात घेतले आणि दोन्ही हातांच्या चिमटीत माळेचा मधलाच एक भाग धरला. मग दोन दोन मणी सोडायला लागले. शेवटी दोन उरले तर जायचे नाही. एक उरला तर जायचे.

मी मणी मोजत होतो. सियामकही मोजत होता, त्याचे ओठ हलताना मला दिसत होते. एकच उरला.

"पुन्हा एकदा करा," सियामक म्हणाला.

मामांनी माळ मुठीत मिटली.

"एकदा विचारलं की विचारलं. पुन्हा विचारायचं म्हणजे देवाला विसराळू म्हणायचं. तुला झालंय तरी काय?"

आता सांगेल, असे मला वाटले. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, काही नाही, बीसोतून तर बीसोतून.

नवरोजच्या पहिल्या दिवशी तो मनीझेसाठी भेट घेऊन आला. कोरा करकरीत निळा दोर. आमच्याकडे असा दोर मिळणे किती कठीण आहे हे मनीझेला पक्के ठाऊक होते. तिने नको म्हटले. त्याने घेच म्हटले. तिने पुन्हा नको म्हटले, त्याने पुन्हा आग्रह केला. तिसऱ्यांदा तिने घ्यायचा, अशी रीत. पण भेट रीतीपेक्षा फार मोठी होती, म्हणून ती तिसऱ्यांदाही नाही म्हणाली, आणि तो चौथ्यांदा, पाचव्यांदा आग्रह करत राहिला. तेव्हा तिचा चेहरा बदलला. माझा दोर धडधाकट आहे, ती म्हणाली, आणि नवा घ्यायची वेळ आली तर मी माझ्या पगारातून घेईन. त्याने दोर परत गाडीत ठेवला. माझा दोर धडधाकट आहे. हे वाक्य ती किती अभिमानाने बोलली! मी तिला फसवत होतो आणि मला थांबताही येत नव्हते.

बीसोतूनच्या पायथ्याशी सकाळी स्वच्छ ऊन होते. मामा काठी टेकून एका दगडावर बसले, तराने थर्मासमधून चहा ओतत होती. सियामक गाडीतून निळा दोर घेऊन आला. मनीझे तोवर निवळली होती. "तो रुखवतात मांड," ती म्हणाली. "कोरा दोर या धारेवर घासशील का?"

मग तिने मला बोटांतून सरकवायला सुरुवात केली. पाच मीटर. आठ मीटर. सियामक तिच्या बोटांकडे पाहत होता आणि मीही. अकराव्या मीटरला ती बोटे क्षणभर थांबली. मला हलता आले असते तर मी तिथेच तुटून दाखवले असते. बोटे पुढे गेली.

तिने माझे टोक कमरेला बांधले. माझा पुढचा भाग सियामकने आपल्या पट्ट्यातल्या कडीतून ओवला, कारण खालून मला धरायचे काम त्याचे होते. मंडळाचा नियम असा की चढणाऱ्याने विचारायचे, धरलंस? आणि खालच्याने धरलंय म्हटल्याशिवाय जमिनीवरचा पाय उचलायचा नाही.

मनीझेने कातळावर हात ठेवला. "धरलंस?"

सियामक कडीतल्या माझ्याकडेच पाहत होता.

"सियामक, धरलंस?"

"त्याला नाश्ता आठवत असेल," मामा म्हणाले.

"नाही," सियामक म्हणाला. "नाही धरलं. तो दोर सोड, मनीझे. त्याच्यावर बॅटरीचं पाणी सांडलंय. पानगळीत, माझ्या गाडीत. मी धुतला आणि तुला सांगितलं नाही."

मनीझेने हात कातळावरून काढला. "कुठे?"

"तुझ्या टोकापासून अकरा मीटर."

तिने ती जागा शोधली आणि दोन्ही हातांनी मला घट्ट दुमडले. कवच तडकले. आत धागे नव्हतेच. गाझच्या डब्यात तळाला पीठ उरते तसा पिवळट चुरा तिच्या तळहातावर पडला. तरानेच्या हातातला पेला वाकडा झाला आणि चहा तिच्या बुटांवर सांडत राहिला.

"पाच महिने," मनीझे म्हणाली. "पाच महिने तू माझ्या घरी चहा पितोयस."

त्याने पट्ट्यातली कडी उघडून मला बाहेर काढले.

"आणि त्या दिवशी तुझ्यासमोर पिशवी उघडली तर तुला वाईट वाटेल, म्हणून मी उघडली नाही. किती सभ्य आहोत आपण."

त्या दिवशी कोणी चढले नाही. निळा दोर तिथेच दगडावर पडून होता, त्याला कोणी हात लावला नाही. मनीझेने चाकू काढून माझी ती बिघडलेली वीत कापून टाकली आणि माझे दोन तुकडे केले, म्हणजे चुकूनही कोणी माझ्यावर पुन्हा चढणार नाही. उरलेला मोठा तुकडा सियामकने मागितला. एरवी ती म्हणाली असती, तुझाच आहे. त्या दिवशी ती फक्त "घे" म्हणाली.

आता मी त्याच्या गाडीच्या टपावर असतो. कूलर बांधतो, शिडी बांधतो. काम हलके आहे आणि कोणी मला तपासत नाही.

मित्रांनो, दोराला, शिडीला, सायकलच्या ब्रेकला तोंड नसते. आमच्या आत काय मोडले आहे ते आम्हाला सांगता येत नाही. म्हणून एखाद्याची वस्तू तुमच्या हातून बिघडली, तर ती परत देताना दारातच सांगा, आत जाऊन चहाला बसण्याआधी. आणि आपली वस्तू परत घेताना पिशवी उघडून पाहा. समोरच्याला राग आला तर येऊ द्या.

दर शुक्रवारी सियामक मनीझेच्या गल्लीत गाडी थांबवतो. इंजिन बंद करत नाही. टपावरून मला तिची खिडकी दिसते. दिवा लागलेला असतो, आणि पडद्याआडून कोणीतरी खाली पाहत असते. त्याला बसल्या जागेवरून ते दिसत नाही. थोड्या वेळाने तो गाडी पुढे काढतो. तुमच्यापैकी कोणी त्याला सांगा, वर जा म्हणून. मला सांगता येत नाही.