पदराची गाठ

मित्रांनो, मी एक जुनं हिरवं लुगडं आहे. शेवंताबाईंनी मला कटंगीच्या बाजारातून आणलं, तेव्हा शेजारच्या बाया माझे काठ चाचपून बघत. शेवंताबाईंसोबत मी लग्नांत मिरवलं, मग विटलं आणि धानाच्या बांधीतल्या चिखलात रोवणीला वाकलं.

शेवंताबाईंना एक सवय. काही विसरायचं नसलं की माझ्या पदराला गाठ मारायच्या.

पोळ्यानंतर मला त्यांच्या डाव्या छातीत काहीतरी कडक लागू लागलं. आधी हरभऱ्याएवढं, मग सुपारीएवढं. त्यांचा हात तिथं जाई आणि चटका बसल्यासारखा मागे येई. मला फार भीती वाटे, पण लुगड्याला तोंड कुठं?

एकदा गावची आशा कार्यकर्ती मंजुषा वही घेऊन घरोघरी विचारत आली, "काकू, छातीत गाठ-गीठ हाय का?"

"हौ, हाय ना! हे पाह्य." शेवंताबाईंनी गाठ मारलेला पदर पुढे केला. "तेल आनाचं हाय."

जमलेल्या शेजारणी हसल्या. मंजुषानेही हसत हसत वहीत 'नाही' लिहिलं. माझ्याखाली शेवंताबाईंचं काळीज धडधडत होतं.

मग शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. खोलीच्या खिडकीला झडपच नाही आणि समोर दुलीचंदचा पानठेला. बाया माघारी फिरू लागल्या. तेव्हा शेवंताबाईंची सून श्रुतिकाने घरी धावत जाऊन वाळत घातलेलं मला ओढून आणलं. खिडकीला बांधताना तिच्या हाताला गाठ लागली.

"आत्याबाई, तेल तं मी कवाचंच आनलं. हे गाठ काहून सोडली नाही?"

शेवंताबाई नातीला कडेवर घेऊन तिथंच उभ्या होत्या. "तेलाची नाही वो ते, बाई. तुले सांगाचं होतं. रोज सांगीन म्हनलं."

श्रुतिकाने लेक मंजुषाकडे दिली आणि सासूचा हात धरून आत नेलं.

माझ्याआड नर्सबाईंचा हात फिरता फिरता एका जागी थांबला. "बालाघाटले मोठ्या दवाखान्यात जा लागंल, मावशी. या मंगळवारीच."

पुढे काय निघेल, मला माहीत नाही. श्रुतिकाने माझ्या पदराला नवी गाठ मारली. मंगळवारची.

मित्रांनो, तुमची आई, आजी असं काही हसण्यावारी नेत असेल, तर तिला पुन्हा विचारा. जवळ बसून विचारा. आणि मला इतक्यात खिडकीवरून काढू नका. बाहेर अजून अकरा बाया उभ्या आहेत.