उभ्याने मानलेले आभार

दुपारी साडेतीन वाजता, खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधाचे भगदाड बुजवून झाल्यावर, सगुणाने खोताच्या हातून नारळ घेतला आणि उभ्यानेच म्हटले, "आभारी आहे."

साल १९३२, महिना वैशाख. रेवदंड्याजवळच्या त्या गावात खोताला असे कोणी म्हटले नव्हते. पुनवेच्या उधाणाने बांध फुटला, तेव्हा एकेचाळीस माणसे तीन दिवस कमरेएवढ्या चिखलात उतरली. मजुरी नाही, वेठच होती. काम संपले की खोत बांधावर खाट टाकून बसे आणि माणशी एक नारळ देई. घेणाऱ्याने वाकून त्याच्या वहाणांना हात लावायचा आणि म्हणायचे, "मायबाप, तुमच्यामुळं जगलो."

"काय म्हणालीस?" खोताने विचारले.

"आभारी आहे."

"हे कुठून उचललंस?"

"शाळेच्या मास्तरांनी मला म्हटलं. भरतीच्या टायमाला त्यांना वाट दावली व्हती. उभ्यानंच म्हटलं. त्यांचं काय झिजलं न्हाय."

रांगेत कोणीतरी फिसकन हसले.

"मास्तर तुला म्हणेल. तू मला म्हणतेस? बरोबरीची झालीस?"

"शेतं तुमची वाचली, खोतानू. चिखलात आम्ही व्हतो. खरं तर तुम्हीच म्हणायला पायजे. मी निस्तं नारळाचं म्हटलं."

तिचा चुलत सासरा हिरामण मागे उभा होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "पोरी, त्येवढं म्हणायला तोंड दुखतं काय तुझं?"

"तोंड न्हाय मामा, पाठ. तीन दिस वाकलेलीच हाय."

सगुणामागे ठमीचा नंबर होता. तिने वहाणांना हात लावला, "मायबाप" म्हटले, मग "आभारी" म्हटले आणि विचारले, "दोन्ही म्हटलं, आता नारळ दोन देणार काय?" तिला एकच मिळाला. तिच्यामागच्या चौघांनी वाकायचे टाळले. बाकीचे नेहमीप्रमाणे वाकले.

संध्याकाळी खोताने निरोप धाडला: सगुणाचे शेत यंदा कान्हा करील. कान्हाही त्या एकेचाळिसांतलाच, तीन दिवस चिखलात उतरलेला. ते दोन बिघे ती नवऱ्यामागे सहा वर्षे करत होती. कागद काही नव्हता. शेत गेले तर तिला आणि तिच्या दोन मुलींना वर्षभर घरचे भात नव्हते.

हिरामण दोनदा खोताकडे जाऊन आला. दुसऱ्या खेपेला तो खुशीत परतला. "खोत नरमला. चारचौघांत नको, म्हणतो. त्याच्या ओटीवर ये, एकदा म्हण, आणि जा. कोन ऐकनार न्हाय."

"मी ऐकीन ना," सगुणा म्हणाली.

"मग कर काय ते!"

"करते."

शेत घेऊ नको म्हणायला ती कान्ह्याच्या घरी गेली नाही. त्याची बायको पाणवठ्यावर भेटली, तेव्हा दोघींनी आपापले हंडे भरले आणि वाटेला लागल्या.

चौदा जूनला सकाळी सात वाजता सगुणा मोड आलेल्या भाताची टोपली घेऊन शेतात उतरली. बांधावर खोताचा कारभारी कान्ह्याला घेऊन उभा होता. कान्ह्याच्या डोक्यावरही टोपली होती. कारभाऱ्याने सगुणाला तीनदा हाक मारली. तिने मान वर केली नाही; मुठीने भात फेकत राहिली. मग तो कान्ह्याला म्हणाला, "उतर रे खाली."

नऊ वाजेपर्यंत सगुणाचे अर्धे शेत पेरून झाले होते. कान्हा अजून बांधावरच होता.