झेलाचा अहवाल

चेंडू डोक्यावरून जातोय हे कळताच इनाया गर्रकन वळली आणि कुंपणाच्या दिशेने धावत सुटली. तिची टोपी उडून मागे पडली. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या तिच्या बापाने, जाफर दळवीने, दोरी घट्ट धरली. शेवटचा डाव, दोन आऊट, एका रनाची आघाडी. चेंडू जमिनीला लागायच्या आत ग्लोव्हमध्ये आला, तर तिसरा आऊट, मॅच खलास आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या त्या बेसबॉल लीगमध्ये इनायाची टीम पहिल्यांदाच फायनलला. टप्पा पडला, तर समोरच्यांचे दोन रन आणि आपण घरी.

कुंपणाजवळ इनायाने हात लांब केला, वाकली आणि पाठमोरीच थांबली. मग वळली. ग्लोव्ह छातीशी आणि दुसरा हात वर.

लांब मैदानाच्या मध्ये उभ्या असलेल्या फिलिपिनो अंपायरने मूठ हवेत मारली. आऊट.

दोरी ओलांडू नये, अशी आठवण पालकांना ग्रुपवर दोनदा जाफरनेच करून दिली होती. ती दोरी त्याने एका उडीत ओलांडली. सत्तेचाळीस वर्षांचा, कमरेला पट्टा बांधून ऑफिसला जाणारा माणूस आखातातल्या अबू हमूरच्या त्या मैदानावर अडथळ्यांच्या शर्यतीत धावल्यासारखा धावला आणि काही कळायच्या आत त्याने इनायाला खांद्यावर उचलून घेतलं. "अब्बा, अब्बा," असं ती वरून काहीतरी म्हणत होती. जाफर ओरडत होता, त्याच्या पाठोपाठ आलेली मुलं ओरडत होती, कोणाचा तरी भोंगा वाजत होता. पोरगी आनंदाने ओरडतेय, असं जाफरला वाटलं.

मिरवणूक कुंपणापाशी आली. पलीकडे टीमची बस उभी होती आणि बसला टेकून तिचा ड्रायव्हर, जालिंदर, कागदी कपातून करक, म्हणजे तिथला दाट दुधाळ चहा पीत होता.

"पाहिलंत ना, जालिंदरभाऊ? आहे का असा झेल कोणाचा?"

जालिंदरने इनायाकडे पाहिलं, मग चहात पाहिलं.

"पोरीला खाली उतरवा आधी. पाठ धरंल तुमची."

इनाया उतरून बॅग आणायला गेल्यावर तो कुंपणाजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "जाफरभाई, टप्पा पडला हुता."

आटपाडीकडचा जालिंदर शुक्रवारी सकाळी अल थुमामामधून मुलांना बसने आणायचा आणि जुम्म्याच्या नमाजाआधी परत पोचवायचा. मधले तीन तास करायचं काय, म्हणून दोन वर्षांपूर्वी तो हा खेळ बघायला लागला आणि बघता बघता त्यात जाफरइतकाच बुडाला. दोघांचं दर शुक्रवारी कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून भांडण चालायचं. जाफर एका मोठ्या कंपनीत कागदपत्रांचे नंबर आणि आवृत्त्या सांभाळणारा डॉक्युमेंट कंट्रोलर होता. त्याचा विश्वास आकड्यांवर. कोणत्या मुलाने किती चेंडू अडवले, किती सोडले, हे त्याच्या मोबाइलमध्ये रंगीत रकान्यांत असायचं. जालिंदर तरुणपणी तालुक्याला कबड्डी खेळलेला. तो म्हणायचा, आकडा बघू नका, पाय बघा. एका जपानी मुलाला जाफरने 'टीममधला सगळ्यात कमकुवत' ठरवला होता. जालिंदर म्हणाला, "त्येचं पाय बघा, दोन म्हयन्यांत त्यो सगळ्यांच्या म्होरं असंल." तसंच झालं. जाफरने त्या रकान्याचा रंग मुकाट्याने बदलला होता.

खिलाडूपणाच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत. मागच्या सीझनला समोरच्या टीममधल्या उमैर नावाच्या मुलाने हातात चेंडू नसताना धावणाऱ्याला ग्लोव्ह लावला आणि आऊट मागितलं. जाफरने लीगला दोन पानी पत्र पाठवलं होतं. 'मुलांच्या मनावर होणारे परिणाम' असा त्यात एक वेगळा परिच्छेद होता. तेव्हापासून टीमचा कोच त्याला मिस्टर फेअरप्ले म्हणायचा आणि जाफरला ते आवडायचं.

"टप्पा?" जाफर म्हणाला. "अंपायरने आऊट दिलंय."

"अंपायर तिकडं लांब. पोरगी पाठमोरी. त्येला काय दिसणार? समोर म्या एकलाच हुतो."

"ती हात वर करून सांगत होती, झेल घेतला म्हणून."

"कबड्डीत हात लागला की गडी सोताच हात वर करतो. बाद झालो म्हणून."

"ही कबड्डी नाही."

"तेबी खरंच."

"माझी मुलगी खोटं बोलली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं न्हाई म्हनलो. टप्पा पडला, एवढंच म्हनलो."

मागे मुलं नाचत होती. जाफरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तुम्ही ड्रायव्हर आहात, जालिंदरभाऊ," तो म्हणाला. "अंपायर नाही."

जालिंदरने कप चुरगाळला, डब्यात टाकला आणि बसचं दार उघडायला गेला.

फरीज बिन ओमरानला घरी पोचेपर्यंत जाफरने गाडीतून स्पीकरवर रत्नागिरीला तीन फोन केले. आईला, भावाला आणि क्रिकेटखेरीज कशातच रस नसलेल्या एका चुलत्याला. इनाया मागच्या सीटवर बसून ग्लोव्हची दोरी सोडत-बांधत होती.

रात्रीपर्यंत 'ड्रायव्हर' हा शब्द जाफरच्या घशाशी अडकून बसला. पण तो शब्द गिळायचा, तर टप्पा पडला नाही हे आधी सिद्ध व्हायला हवं होतं. नाहीतर एका चुकीच्या दोन होत होत्या. त्याने पालकांकडून व्हिडिओ मागवले. अकरा आले. कोरियन आईच्या व्हिडिओत निर्णायक क्षणी तिच्या मुलाचा फक्त कान होता. एकाने चुकून आपल्या मांडीचं चित्रण केलं होतं. एकात इनाया दिसत होती, पण चेंडूच्या जागी ढेकणाएवढा पांढरा ठिपका होता आणि तो ठिपका गवतावर होता की ग्लोव्हमध्ये, हे मोबाइल किती जवळ धरावा यावर अवलंबून होतं.

सोमवारी जेवताना त्याने लिंबू हवेत फेकून बायकोला, मुनीराला, चेंडूची चाल समजावून सांगितली.

"हे बघ, असा आला, असा वळला..."

लिंबू आमटीत पडलं.

"टप्पा पडला," मुनीरा म्हणाली.

"हे लिंबू आहे."

"मंग पोरीलाच विचारा ना. ती होती तिथं."

"खेळाडूची साक्ष धरत नाहीत," जाफर म्हणाला. खरं म्हणजे विचारायची त्याला भीती वाटत होती. इनाया वर न बघता भात कालवत होती.

बुधवारपर्यंत अहवाल तयार झाला. चार पानं, सहा फोटो, लाल बाण. ऑफिसच्या सवयीने त्याने कागदाला नंबर दिला आणि वर लिहिलं: सुधारित आवृत्ती तीन. सगळा भर फोटो क्रमांक पाचवर होता. त्यात इनाया वळून उभी होती, हात वर. खाली जाफरने इंग्रजीत लिहिलं होतं की, खेळाडूच्या देहबोलीत पूर्ण आत्मविश्वास आहे. शंकेला जागा नाही. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्याने ते सगळं पालकांच्या ग्रुपवर टाकलं. 'काही व्यक्तींनी उपस्थित केलेल्या शंकांच्या संदर्भात' अशी सुरुवात होती. जालिंदरही त्या ग्रुपवर होता, बसच्या वेळा कळवण्यासाठी.

पाच मिनिटांत एकोणचाळीस जणांनी अहवाल पाहिला. कोणीही काहीही लिहिलं नाही. नेहमी कशालाही अंगठा दाखवणारा कोचसुद्धा गप्प होता.

दहाव्या मिनिटाला इनाया आईचा मोबाइल हातात धरून दारात उभी राहिली.

"अब्बा, व्हाय डिड यू सेंड धिस?"

"तुझ्यासाठी, बेटा. लोकांच्या मनात शंका नको."

"इट बाउन्स्ड."

जाफरने फोटो क्रमांक पाच उघडला.

"आय वॉज सेइंग नो." तिने फोटोतल्यासारखा हात वर केला आणि पंजा डावीकडे-उजवीकडे हलवला. "लाइक धिस. नो, नो. तर अंपायरने आऊट दिलं. मग मी त्याच्याकडे जात होते, अँड यू पिक्ड मी अप."

फोटोत हात हलत नव्हता. फोटोत कुठलाच हात हलत नाही, हे जाफरला सहा फोटो आणि लाल बाण काढून झाल्यावर आत्ता सुचत होतं.

"खांद्यावरून तू मला काय सांगत होतीस?"

"पुट मी डाऊन."

"मग गाडीत का नाही बोललीस?"

"यू वर ऑन द फोन. विथ एव्हरीबडी."

तिने रविवारी प्रॅक्टिसला कोचला सांगितलं होतं. कोचने समोरच्या टीमच्या कोचला फोन केला. लीग म्हणाली, अंपायरचा निर्णय आता बदलत नाही. समोरच्या कोचने इनायाला थँक्यू कळवलं. म्हणजे रविवारपासून दोन्ही टीमना माहीत होतं आणि पालकांपैकी बऱ्याच जणांना. अब्बांना तू स्वतः सांग, असं कोच म्हणाला होता. ती सोमवारी सांगणारच होती. तेवढ्यात लिंबू आलं.

"रागावलीस?" जाफरने विचारलं.

इनायाने खांदे उडवले. "फोटो फाइव्ह इज ए गुड फोटो," ती म्हणाली आणि गेली.

जाफरने मेसेज पुसायचा विचार केला. एव्हाना सत्तेचाळीस जणांनी तो वाचला होता. पुसून ते विसरणार नव्हते. वीस मिनिटं तो लिहीत आणि खोडत राहिला. शेवटी एकच ओळ गेली: आवृत्ती तीन रद्द; टप्पा पडला होता; इनायाने ते तेव्हाच सांगायचा प्रयत्न केला, मी ऐकलं नाही. त्यावर मात्र धडाधड बदाम आणि टाळ्या आल्या. त्यांत जालिंदरचं काहीच नव्हतं. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला, तो सगळ्यांसाठी होता: उद्या बस साडेसहाला.

शुक्रवारी फायनल सुरू झाल्यावर जाफर पालकांच्या घोळक्यात थांबला नाही. तो मैदानाला वळसा घालून, गेटमधून बाहेर पडून कुंपणाच्या पलीकडे गेला. इतक्या दिवसांत तो या बाजूला कधी आला नव्हता. जालिंदर बसच्या सावलीत उलट्या बादलीवर बसला होता. त्याने जाफरला पाहिलं, उठला, बादली पुढे सरकवली आणि स्वतः पायरीवर बसला.

दोघांनी एक अख्खा डाव पाहिला.

"त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं," जाफर अखेर म्हणाला.

"कंच्या दिवशी? तुमी रोजच बोलता."

"ड्रायव्हर म्हणालो."

"हायच की मी ड्रायव्हर." जालिंदर मैदानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वाईट वाटलं पर. रातीला गावाकडं बायकोला, फुलाबाईला फोन केला, तर ती म्हनली, तुमी हितंबी असंच करता, न विचारता निकाल देता."

जाफर हसला. मग त्याचं लक्ष समोर गेलं. बादलीवरून मैदान कसं दिसतं, हे तो पहिल्यांदाच बघत होता. कुंपणाला खालून कमरेइतकी हिरवी जाळी बांधलेली होती, वाळू आत येऊ नये म्हणून. गवत दिसतच नव्हतं. तो उठून उभा राहिला. तरीही जाळीजवळचा चार हातांचा पट्टा झाकलेलाच होता.

"जालिंदरभाऊ, इथून टप्पा कसा दिसला तुम्हाला?"

जालिंदरने मान खाजवली.

"न्हाई दिसला."

"काय?"

"जाळी हाय की मदी. चेंडू खाली आला, जाळीमागं गेला. म्होरचं काय दिसलं न्हाई."

"मग त्या दिवशी माझ्याशी... तुम्ही तर शपथेवर सांगितल्यासारखं सांगत होतात!"

"पडला हुताच की."

"पण तुम्ही पाहिला नाही!"

"पोरीचं तोंड पाह्यलं." जालिंदर आता त्याच्याकडे वळला. "ती वाकली, तवा तोंड माझ्याकडं हुतं. माझी पोरगी सोनम गावाकडं अकरावीला हाय. तिला बघायचं ते मोबाइलवरच, आठवड्यातनं दोनदा. नेट तुटतं, आवाज येत न्हाई. ती म्हनती, सगळं बरं हाय. म्या आवाजाकडं लक्षच देत न्हाई." त्याने बोटाने आपल्या चेहऱ्याभोवती हवेत एक गोल काढला. "तुमची पोरगी उठली तवा तिचं तोंड झेल घेतल्यावानी नव्हतं. मग तुमी आला आन् तिला खांद्यावर घेतली. खांद्यावरच्या मानसाचं तोंड खालच्याला कसं दिसायचं?"

जाफर परत बादलीवर बसला.

फायनल ते हरले, आठ-दोन असे. त्यात वाद घालावा असं काहीच नव्हतं. समोरची टीम चांगली खेळली. जपानी मुलाने दोन धावा काढल्या. इनाया तीनदा बॅटिंगला आली आणि तिन्ही वेळा आऊट झाली. तिसऱ्यांदा अंपायरने ज्यावर आऊट दिलं तो चेंडू चांगलाच खाली होता, हे जाफरला इतक्या लांबूनही दिसलं. त्याचा हात मोबाइलकडे गेला आणि परत मांडीवर आला.

मुलांनी रांगेत उभं राहून एकमेकांच्या हातांवर टाळ्या दिल्या. समोरच्या टीममधल्या कोणीतरी इनायाला थांबवून काहीतरी म्हटलं, ती मान हलवून हसली. मग बॅग ओढत ती कुंपणाकडे यायला लागली. जाफर उठून जाळीपाशी गेला. ती जवळ येत होती, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. तो डोळे बारीक करून बघत राहिला. हरल्याचं दुःख असेल. की खालच्या चेंडूचा राग? की अजून तो अहवाल?

"जालिंदरभाऊ," तो मान न वळवता कुजबुजला. "काय वाटतं?"

जालिंदर शेजारी येऊन उभा राहिला. त्याने नीट, वेळ घेऊन पाहिलं.

"भूक लागलीया," तो म्हणाला.