काचेतली कफनी

तुम्ही मला चोरलंत, विश्वस्त साहेब. चोराला निदान पळावं तरी लागतं; तुम्हाला तर लोक वाकून सलाम करतात.

मित्रांनो, मी ठिगळांची एक जुनी कफनी आहे. एका सूफी पिरांच्या घरी एका शिंप्यानं मला जोडलं. 'मला मुक्ती कशी मिळेल?' असं विचारत जो कुणी येई, त्यानं आपल्या सगळ्यात तोऱ्याच्या कपड्याचा तुकडा कापून द्यायचा, अशी तिथली रीत. पहिलवानानं पट्टा दिला, न्यायाधीशांनी झग्याची बाही. तुकडा माझ्यात शिवला की मला अंगात घालून खरकटी भांडी घासायची. नरकाची भीती नको, स्वर्गाची हाव नको. 'मी'पणा विरघळला की उरतो तो अल्लाह, आणि तीच सुटका, असं पीर सांगत. त्या विरघळण्याला ते फना म्हणत.

न्यायाधीश थोड्याच दिवसांत छाती काढून आले. "बाबा, मी शून्य झालो!"

"वा! मग हे सांगायला कोण आलंय?" पीर म्हणाले. "जा, मोठा हंडा राहिलाय."

सगळे हसले. न्यायाधीशही हसले, पण जरा उशिरा.

शेवटच्या आजारात पिरांनी शिंप्याचा हात धरला. "मी गेलो की हिला उसव. गरिबांचे फाटके कपडे हिच्या तुकड्यांनी सांध. माझ्या नावाचं चिरगूट जरी उरलं, तरी लोक त्यालाच पुजत बसतील." शिंप्यानं शब्द दिला. तो कात्री घेऊन आला, तोवर साहेब, तुम्ही मला दर्ग्यातल्या काचेच्या कपाटात घालून कुलूप ठोकलं होतं.

तेव्हापासून लोक काचेला कपाळ लावून मुक्ती मागतात. मी काय देणार? मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात लटकते आहे. वस्तू जपून ठेवावी, असं तुम्हाला शिकवतात, मित्रांनो. पण कापडाला अंगावर विरू द्यावं, हीसुद्धा त्याची काळजीच असते.

आज शिंप्याची मुलगी तुमच्याकडे आली, साहेब.

"काका, कफनी द्या. बाबांची नजर चाललीय. टाके दिसतायत तोवर उसवू दे त्यांना. शब्द मोडून मरायचं या धास्तीनं त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही."

"अगं पोरी, उसवली तर लोक तरायला कुठं जातील?"

"भांडी घासायला जातील. खरकटं काही संपलेलं नाही जगातलं."

"तोंड सांभाळ. काचेला हात लाव, तुझ्या बाबांचं भलं होईल."

"आतले टाके बाबांचेच आहेत, काका. त्यांचं भलं काच काय करणार?"

तुम्ही खिडकीबाहेर बघू लागलात. पोरगी हललेली नाही. शिंपी बाहेर पायरीवर बसलाय, बोटानं कात्रीची धार चाचपत. पिरांचा हुकूम मोठा की तुमची काच मोठी? किल्ली तुमच्या खिशात आहे आणि उजेड अजून आहे. बोला साहेब, उघडताय की नाही?